गल्लीने उभे केलेले खांब

माझे दीर घड्याळं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून चिमट्याने बारीक चाकं बसवत असतात आणि शेजारी जुन्या कॉम्प्युटरवर शेअर बाजार चालू असतो. लग्न केलं नाही. "घरात एवढी टिकटिक पुरे आहे," म्हणतात.

बाजारात सगळे भावाकडे बघतात, भावजी बघतात पडद्यावर त्याखाली दिसणाऱ्या खांबांकडे. दिवसभरात जितके शेअर या हातातून त्या हातात गेले, तितका त्या दिवसाचा खांब उंच. त्याला व्हॉल्यूम म्हणतात. "वहिनी, भाव थापा मारतो," ते मला समजावतात. "भाव जागच्या जागी आणि खांब वाढताहेत, म्हणजे कोणीतरी मोठा खेळाडू गुपचूप गोळा करतोय. मग भाव उठतो." त्यांचं बरेचदा जुळायचंही, म्हणून गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

एकदा एका छोट्या पाइप कंपनीचा खांब असाच जरा वर आला. एरवी त्या शेअरला कुत्रं विचारत नसे. भावजींनी थोडे घेतले आणि समोरच्या न्हाव्याला, विश्वासातला म्हणून, कानात सांगितलं. कोणाला बोलू नकोस, असंही बजावलं. दुसऱ्या दिवशी खांब दुप्पट. मग आणखी उंच. भावही थोडा सरकला. भावजी खूश. "शिरला बघा मोठा खेळाडू," म्हणत आणखी घेऊन बसले.

पुढच्या आठवड्यात ते केस कापायला गेले आणि अर्धेच कापून परत आले. एक बाजू बारीक, दुसरी कानावर. मला हसू आलं, पण चेहरा बघून गिळलं.

"काय झालं हो?"

"वहिनी, तो मोठा खेळाडू मीच आहे."

न्हाव्याने कात्री चालवता चालवता कौतुकाने सगळं सांगून टाकलं होतं. त्याने घेतले, मेव्हण्याला घ्यायला लावले, मेव्हण्याने कारखान्यात सांगितलं, कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानेही घेतले. या सगळ्यांनी ज्या ज्या दिवशी घेतले, त्या त्या दिवशीचेच खांब उंच होते. बाहेरचं कोणी नव्हतंच. न्हावी दुसऱ्याच्या दुकानात भाड्याच्या खुर्चीवर काम करतो. स्वतःच्या दुकानासाठी साठवलेलं सगळं त्याने यात घातलं होतं.

भावजी तसेच, त्या अर्ध्या केसांनी, घरोघर सांगत फिरले. कोणी ऐकेना.

"भाव चढतोय आणि काका म्हणतात विका," औषधवाला म्हणाला. "आम्हाला हुसकून स्वतः स्वस्तात गोळा करणार. निदान केस तरी पूर्ण कापून यायचं."

"एकच दिवस थांबा," भावजी म्हणाले. "उद्या आपल्यातलं कोणी घेऊ नका. मोठा खेळाडू खरा असेल तर त्याचं तुमच्यावाचून अडणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दारात उभी राहून मनात देवाचं नाव घेत होते. भावजी खरे ठरले तर सगळे बुडणार आणि खोटे ठरले तर भावजींची अब्रू जाणार, काय मागावं देवाजवळ तेच कळेना. दुपार झाली तरी खांब उगवला नाही. तळाशी नुसती एक रेघ.

"कॉम्प्युटर बंद पडलाय का?" औषधवाल्याने विचारलं. कोणी हसलं नाही.

न्हावी स्टुलावर बसला. "आता विकायचे म्हटलं तर घेणार कोण, काका?"

"सगळ्यांनी एकदम विकायला काढू नका, भाव कोसळेल. बेताबेताने विका. पहिला तू. ज्या भावाला घेतलेस त्याच भावाला लाव."

त्याने मोबाइलवर लावले. थोड्या वेळाने त्याचे सगळे शेअर विकले गेले. त्याने डोळे पुसले, भावजींचा हात धरला आणि गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणत निघून गेला. बाकीचेही पांगले. मी आत येऊन पाहिलं, तर भावजींच्या पडद्यावर तेवढेच शेअर घेतल्याची पाटी होती.

"तुम्ही घेतलेत?"

"विकणारा आहे म्हटल्यावर घेणारं कोणीतरी लागतं ना, वहिनी." आणि भिंग डोळ्याला लावलं.

बाकीच्यांना थोडी थोडी झळ लागलीच. औषधवाला अजून भावजींशी धड बोलत नाही. ते शेअर भावजींकडेच पडून आहेत, कोणी घेत नाही. मी रोज देवाजवळ सगळ्यांचं मागून झालं की त्या पाइपवाल्यांचंही बरं कर म्हणून मागते. भावजींना सांगितलेलं नाही.