लग्नपत्रिकेचं प्रूफ आणि देवळालीतलं गोऱ्यांचं कबरस्तान

लग्नाची खरेदी सोडून कोणी कबरस्तान बघायला जातं का? आम्ही गेलो.

झालं असं, शनिवारी ताईच्या पत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं. आयु. निलेश, पुढे कंसात ज्युनिअर इंजिनिअर. आयु. शीतल, पुढे काहीच नाय. माझी ताई एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर आहे, शिफ्ट करते. पण दाजींची आई म्हणाली, "लग्नानंतर सोडायचीच आहे नोकरी, तर छापायची कशाला?" मंगळवारी छपाई. बाबा गप्प, ताई पण गप्प. दहावीला दोनदा बसलेल्या मला कोण विचारतंय! मला भुताचं रील करायचं होतं, म्हटलं, "ताई, चल, हवा खाऊन येऊ."

रविवारी सकाळीच निघालो. एकलहरे, सिन्नर फाटा, नाशिकरोड, मग देवळाली कॅम्प. स्कुटीवर पाऊण तास, शंभराचं पेट्रोल पुरतं. कॅम्पात बेकरीतला गरम बनपाव खाच. कबरस्तानाला तिकीट नाय, पण झाडलोट करणाऱ्या मार्था मावशींना विचारल्याशिवाय आत शिरू नका. मी शिरले, खराटा दाखवला त्यांनी.

आत झाडांची लय गार सावली. दगडांवर सगळं इंग्रजी, म्हणून ताई वाचत होती. हा सार्जंट. हा तोफखान्यातला. हा तर घोड्यांना नाल ठोकणारा, ते पण कोरलंय. आणि बाया? सार्जंटची बायको. कॅप्टनची लेक.

"या दिवसभर काय माश्या मारायच्या?" मी विचारलं.

"माश्या कशाला?" मावशी म्हणाल्या. "पलटणीचं धुणं धुवायच्या, कपडे शिवायच्या, पोरांची शाळा घ्यायच्या. माझी आजी इथल्या दवाखान्यात आया होती, ती सांगायची."

एवढ्यात ताई ओरडली, "ही बघ, नर्स! हिचं लिहिलंय!"

"तिचं लग्न नव्हतं झालं ना," मावशी म्हणाल्या. "लग्न केलं की पलटणीच्या नर्सला काम सोडायला लागायचं."

ताई त्या दगडापाशी उभीच राहिली. मी मग रील सोडलं आणि फोनवर प्रूफ दुरुस्त केलं. दाजींचं ज्युनिअर इंजिनिअर खोडलं, तिथे लिहिलं 'शीतलचे होणारे पती'. दाजींना दिलं पाठवून.

दोन मिनिटांत दाजींचा फोन. "ए कार्टे, माझी पोस्ट कुठे गेली?"

ताईने फोन हिसकावला. मला वाटलं, आता माझा कान पिळते.

"झोंबलं ना?" ती म्हणाली. "मग ऐका. छापायचं तर दोघांचं छापा. आणि मी नोकरी सोडणार नाय."

"अगं, आईला विचारतो..."

"विचारा. मला दुपारची शिफ्ट आहे."

परत येताना ताई मागे बसून चक्क गात होती, एकदम बेसूर. आईशप्पथ, मी खूप ठिकाणी हिंडलेय, पण कबरस्तानातून एवढं खूश होऊन येणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या घरी अशी गप्प ताई असेल तर घेऊन जा. पाण्याची बाटली न्या.

ताई कामावर गेली. तिचं 'नोकरी सोडणार नाय' डोक्यातून जाईना. आजवर मी केलेल्या सगळ्या खोड्यांपेक्षा ते भारी होतं. संध्याकाळी सातला बाबांचा फोन वाजला. बाबांनी नाव बघून माझ्याकडे सरकवला.

"निलेशची आई बोलतेय. शीतलला दे."

"ती कामावर आहे."

मग, "किती वाजता सुटते?"

दोन महिने झाले सोयरीक जमून, बाईंनी हे पहिल्यांदा विचारलं.

"रात्री अकराला," मी म्हटलं. "लग्नानंतर पण अकरालाच सुटेल."