दुसऱ्या खेपेचा भाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले की माझ्या तोंडून एकच नाव निघते: नळीवाल्या बाई. बीडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांची रक्ततपासणीची दोन खोल्यांची लॅब होती. दारावर खरे नाव आणि शिक्षण दोन्ही लिहिलेले होते, पण ते वाचतो कोण? त्यांनी रक्ताच्या नळ्या रस्त्यावरच्या खिडकीत उभ्या केल्या होत्या. तेवढी खूण लोकांना पुरे होती.

ईएसआर म्हणजे अंगात कुठे सूज, दाह आहे का हे सांगणारी साधी तपासणी. लांब, बारीक काचेच्या नळीत रक्त भरून उभे करायचे आणि तासाभरात लाल भाग किती खाली बसला ते वाचायचे. सूज असली की तो भरभर उतरतो. इतर लॅबमध्ये नळ्या आतल्या खोलीत असत. बाई म्हणायच्या, "रक्त त्यांचं, पैसा त्यांचा, मग आत कावून लपवायचं?"

त्यामुळे खिडकीसमोरच्या बाकावर रोज वनडे मॅचसारखी गर्दी. एकदा एक टेम्पो ड्रायव्हर बाकावरून उसळलाच. "अरे, माझं बघा! समद्यांच्या पुढं गेलं!" दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. बाईंनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "दादा, पेढे नका वाटू. ह्या शर्यतीत मागं राहील तो जिंकतो." तो खाली बसला आणि हळूच विचारता झाला, "मग मी किती हरलो, बाई?"

"औषध घ्या. पुढल्या महिन्यात परत पळवू."

बाहेर खडूने लिहिलेली पाटी असे: 'ईएसआर पंधरा रुपये. दुसऱ्या खेपेला दहा.' गावात घरोघर केबल येत होती, नवे खाजगी दवाखाने उभे राहत होते, आणि तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हीच तपासणी इतर लॅबमध्ये तीस रुपयांना होई. वरचे पंधरा चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे. महिन्याला पाकीट पोचवायचे, असा रिवाजच पडला होता. बाई ते देत नसत. तरी भाव कमी म्हणून लोक चिठ्ठ्या घेऊन इकडेच येत, कसेबसे चालले होते.

मी नुकताच बीएस्सी झालो होतो. माझे वडील, आबा, सिरसाळ्याच्या बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाईंनी मला कामावर घेतले आणि पहिल्या दिवसापासून 'ग्रॅज्युएट' म्हणू लागल्या. "ये ग्रॅज्युएट, नळ्या धुतल्या का?" त्यात चेष्टा होती, पण मला ते ऐकून छाती फुगल्यासारखे वाटे.

आणि मग एके दिवशी मोठ्या दवाखान्याचा कंपाउंडर आला. "बाई, साहेब म्हणले, तीस करा अन् पंधरा इकडं पाठवा. न्हाईतर चिठ्ठ्या बंद. बाकीचे डॉक्टरबी ह्यातच हायेत."

"साहेबांनी सुई टोचली का नळी धुतली?" बाईंनी विचारले.

तो निघून गेला आणि आठवड्यात बाक ओस पडला. माझा पगार घरी जायचा, त्यावर धाकट्या बहिणीची शाळा चालायची. मी धीर करून म्हणालो, "बाई, पंचवीस तरी करू या."

बाई चिडल्या नाहीत. "ग्रॅज्युएट, ही तपासणी एकदा करून काय उपेग? गोळीनं आकडा उतरला का, हे बघायला माणूस परत यायला पाहिजे. तीस दिलेला परत येत न्हाई. गोळीच सोडून देतो." मग त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत बघू. न्हाई जमलं तर कुलूप लावू. तुला कुठंतरी चिकटवते, त्याची काळजी करू नको."

त्याच दिवसांत सिरसाळ्याच्या कासारीण मावशी आल्या. बांगड्यांचा माल भरायला त्या नेहमी बीडला येत आणि सांध्यांसाठी दुसऱ्या खेपेचे दहा देऊन ईएसआर करून जात. रिकामा बाक पाहून त्या म्हणाल्या, "आज बाजार कावून उठला?" मी सगळे सांगितले. "हात्तिच्या! एवढंच ना?" म्हणाल्या आणि टोपली उचलून गेल्या.

पुढच्या सोमवारी सिरसाळ्यावरून येणारी परळीची एसटी लागली आणि आमच्या गल्लीत बायकाच बायका! सिरसाळ्याच्या, वाटेतल्या गावांच्या. पुढे मावशी. "बांगडी चढंना की मला कळतं, हात सुजलाय. समद्यांना सांगितलं, आधी बीडची खिडकी बघा, मग भरते बांगड्या!"

काय तो दिवस! नळ्या कमी पडल्या. बाई सुई हातात धरून ओरडत होत्या, "ग्रॅज्युएट, पळ! नळ्या धू!" मी धूत होतो, वाळवत होतो, पळत होतो. बाहेर काचेला नाके लागलेली.

"माझं हललं का गं?"

"गप, नजर लावू नकोस!"

"हिचं बघा, सासूसारखं जागचं हलंना!"

ज्यांचे भरभर उतरले त्यांना बाईंनी कागद हातात देऊन सरकारी दवाखान्यात धाडले आणि बजावले, "परत या. दहाच घेईन." त्या परत आल्या, येताना नवरे, जावा, शेजारणी घेऊन आल्या. महिनाअखेर आली, कुलूप खिळ्यालाच लटकत राहिले.

बाईंनीच पुढे माझ्यामागे लागून मला लॅबचा डिप्लोमा करायला लावला. "बीएस्सीनं नळी धुता येती. रिपोर्टवर सही करायला अजून शीक." निरोपाच्या दिवशी त्यांनी मला नळ्यांचा जुना लाकडी स्टँड दिला आणि तोंड फिरवून पाटी पुसत बसल्या. गावी लॅब उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे पत्र टाकले:

"ती. बाईंना सा. न.

काल सिरसाळ्यात लॅब सुरू झाली. आबांनी नारळ फोडला आणि पाटी स्वतः टांगली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मला तीनदा वाचायला लावली. खिडकी रस्त्यावरच काढली आहे, पण उत्तरेला. नळ्यांवर ऊन येऊ द्यायचे नाही, हे विसरलो नाही.

पहिल्याच दिवशी एकजण ओरडला, 'माझं पुढं गेलं!' मी डोके बाहेर काढून तुमचे वाक्य बोललो. अख्खा बाक हसला. बाई, मला तर रडूच आले.

तुमचे गुडघे धरलेत, असे मावशी सांगत होत्या. पहिली एसटी धरून या. फुकट म्हटले तर तुम्ही गाडीत चढणार नाही, म्हणून दुसऱ्या खेपेचा भाव लावीन.

तुमचा,
ग्रॅज्युएट"