माहिती देणारा

समोर फोटो धरला तरी हरेश्वरकाका आधी चेहरा बघायचेच नाहीत. "कोण? कुठं? कुणी काढला? आणि हे सांगतंय कोण?" एवढं सगळं फाईलमध्ये भरलं गेलं, की मगच चष्मा पुसून माणूस बघायचे.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातले जुने फोटो संगणकावर उतरवायचं काम आम्ही दोघं करायचो. मी स्कॅन करायची, काका माहिती भरायचे. घराघरांतून डबेच्या डबे यायचे आणि त्यातल्या कितीतरी माणसांची नावं आता फक्त काकांच्याच डोक्यात होती. कुणी मागे नुसतं 'आमची आजी' लिहून आणलं की काका उखडायचे. "अरे, कुणाची आजी? उद्या तुझा नातू बघेल आणि म्हणेल, असेल कुणीतरी म्हातारी!" मोबाईलवरून फॉरवर्ड होत आलेला फोटो दिसला तर कपाळावर हात. "वाट लागली! फाईलच्या आत भरलेली माहिती सगळी गळली ना." आणि मी अंदाजानं काही ठोकलं तर माझी खैर नसायची. "ठाऊक नसेल तर 'माहीत नाही' लिही. थापा नकोत, पोरी."

त्या दुपारी नव्या डिस्कवर गेलेल्या जुन्या फाईली आम्ही तपासत होतो. नंदाकाकू, म्हणजे काकांची बायको, नेहमीसारख्या जेवणाचा डबा घेऊन आल्या. पडद्यावर होडीला टेकून हसणारी एक तरुण मुलगी होती, केसांत अबोलीचा गजरा. काका बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "कोण गं ही?"

मला वाटलं, चेष्टा. मी हसलेसुद्धा! काकूंकडे बघितलं, तर त्यांचा हात डब्याच्या कडीवर तसाच. अहो, चेष्टा नव्हती ती!

काकांनी सवयीनं माहिती उघडली, मोठ्यानं वाचली. "नंदा. माझी बायको. वेसावा किनारा, नारळी पौर्णिमा. माहिती देणारा, हरेश्वर." समाधानानं मान हलवली. "नीट भरलंय. माणूस भरवशाचा दिसतो."

त्यांनी पुढचा फोटो उघडला. त्याची माहिती कोरी होती. काकूंनी डबा खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि काकांना खेटून बसल्या. "हा माझा भाऊ, पांडुरंग. लिहा."

"थांबा बाई," काका अदबीनं म्हणाले. "आधी तुमचं नाव सांगा. सांगणाऱ्याचं नाव लागतं."

काकूंनी सांगितलं. काकांनी एकेक अक्षर शोधून ते टाईप केलं.