भवानीआधी उतरलेली पाटी

रत्नागिरीत आमच्या उभ्या चढाच्या घाटीवर मासळी विकायला येणारी ती बाई पहिली भवानी झाल्याशिवाय डोक्यावरची पाटी उतरवत नसे. हाक अशी, की बंदरातल्या मुंबईच्या बोटीच्या भोंग्याने लाजावं. त्या दिवशी मात्र आमच्या कुंपणाच्या गडग्याशी येऊन तिने पाटी खाली ठेवली, आणि भवानी अजून व्हायची होती. पावलं सुजून जोडवी बोटांत रुतलेली.

"वय झालं गो," मी म्हटलं.

"वयाचा दम चढताना लागतो, वयनी. मला आता निजल्यावर लागतो. अख्खी रात बसून काढली. उद्या डाक्टराला काळीज दाखवनार."

आणि दाखवलंनही. काळजाची झडप बिघडली होती. तिचा धंदा संपला म्हणून आळीने हळहळ करून घेतली. थोड्याच दिवसांत बघते, तर ही घाटीच्या पायथ्याशी फळी मांडून बसलेली!

"डाक्टरान घाटी चढू नको सांगितलान, मासळी विकू नको नाय."

भवानी मीच केली. बांगडे घेऊन वर येताना त्याच गडग्याशी मला धाप लागली. खालून ती बघतच होती.

"थांबलात की दम जातो ना, वयनी?"

"जातो."

"मग काय नाय. चढा!"