घोडेवाल्या काकी

नवीन माणूस दारात आला की घोडेवाल्या काकी त्याला आधी चालून दाखवायला लावत. नाव, गाव, जात, नोकरी हे सगळं नंतर. मी अर्जुनीच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून नवा रुजू झालो होतो आणि केशोरीकडच्या एका खेड्यात घोड्यांचे तबेले आहेत असं ऐकून मुद्दाम बघायला गेलो होतो. ओसरीवर एक उंच, काळ्यासावळ्या बाई नऊवारीचा काष्टा घालून उभ्या होत्या. मी नमस्कार केला, तर त्यांनी समोरच्या चिंचेकडे बोट दाखवलं. मी मुकाट्याने चिंचेपर्यंत जाऊन आलो. सरकारी अधिकाऱ्याचा असा पाणउतारा मी त्याआधी कधी सोसला नव्हता.

"डावा पाय चोरता तुमी," त्या म्हणाल्या. "लहानपनी मोडला होता काय?"

मोडला होता. मी हो म्हटलं आणि मग कुठे मला बसायला पाट मिळाला.

भोसल्यांच्या काळात तिथे फौजेची घोडी राहत, असं गावातले लोक सांगत. खरंखोटं देव जाणे, पण धानाच्या मुलखात घरटी एक घोडं बाळगणारं दुसरं गाव मी तरी पाहिलं नाही. हलक्या चणीची, पाऊल न घसरणारी ती जनावरं. धान कापून झालं की गावाबाहेरच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या माळावर, शर्यत भरे, आणि देवरीपासूनचे लोक बैलांच्या रेंग्या जुंपून येत. घोडी प्रत्येकाची स्वतःची असली तरी त्यांना तयार करण्याचं काम मात्र काकींच्या लांबलचक तबेल्यात, त्यांच्या देखरेखीखाली चाले. त्या मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, विधवा. मालगुजारी कायद्याने गेली होती, जंगल गेलं होतं, घरात मूलबाळ नव्हतं. राहिला होता तो तबेला, तुळशीराम नावाचा म्हातारा सईस आणि मैना नावाची लालसर घोडी.

काकी तोंडाच्या फटकळ होत्या. एकदा अर्जुनीहून आलेले एक गृहस्थ पाघळून म्हणाले की ही घोडी म्हणजे तुमची लेकरंच. काकींनी त्यांना तिथेच गार केलं. "लेकरं नोहोत थे. लेकरू खोटं बोलते, घोडा नाई बोलत." चारचौघांत मैनेच्या पाठीवर त्यांनी कधी हात फिरवलेला मी पाहिला नाही. पण तबेल्यातल्या शेवटच्या घोड्याच्या तोंडाला तोबरा लागल्याशिवाय त्या स्वतः पानावर बसत नसत, आणि एखादं घोडं चारा सोडून उभं राहिलं तर त्या दिवशी त्यांचंही जेवण तसंच राही. मी दर महिन्याला काही ना काही निमित्त काढून तिकडे जाऊ लागलो. सरकारी कामात माझं म्हणणं कोणी ऐकत नव्हतं. इथे निदान बोलणी खायला तरी मजा यायची.

त्या गावाची एक रीत होती. शर्यत जिंकलेलं घोडं तबेल्यासमोरच्या दगडी डोणीत आधी पाणी पिई आणि मग बाकीची घोडी त्याचं ते उष्टं पाणी पीत. जिंकणाऱ्याचा वेग पाण्यातून उतरतो, असं सगळे मानत आणि काकीही मानत. मी एकदा हसलो तेव्हा त्यांनी मला तांदळाची भाकर वाढता वाढता विचारलं होतं, की देवळातलं तीर्थ तुम्ही उकळून घेता काय.

एका साली शर्यतीच्या वेळी मी बुळकांडीच्या लसी घेऊन देवरीच्या जंगलात फिरत होतो. पाहुण्या घोड्याने शर्यत जिंकली, हे मला परतल्यावर कळलं. रायपूरकडच्या कोण्या व्यापाऱ्याचं ते घोडं. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं म्हणे, पण धुळीत पळालेल्या घोड्याचं नाक गळायचंच. ते रीतीप्रमाणे डोणीत पाणी प्यायलं. त्याच्यामागून मैना आणि तिच्यामागून गावची सगळी घोडी.

काकींनी मला बोलावणं धाडलं तोवर तुळशीराम गेला होता. त्याला ताप आला, अंगभर फोड उठले, फुटले, आणि तो तडफडत मेला. गावाला वाटलं, देवी आल्या. मी तबेल्यात शिरलो आणि पहिल्याच घोड्याच्या नाकातला चिकट, रक्ताळलेला शेंबूड बघून मागे सरलो. हा रोग मी कॉलेजात पुस्तकात वाचला होता. त्याला औषध नाही. तो माणसालाही होतो आणि तुळशीरामला तोच झाला होता. एकच उपाय कायद्याने सांगितला आहे: रोगी जनावर गोळी घालून मारायचं, चुना टाकून खोल पुरायचं.

मी सगळ्या घोड्यांच्या पापणीत तपासणीची सुई टोचली. रोग असेल तर त्या डोळ्याला सूज येऊन पू येतो. दोन दिवसांनी ठाण्यातल्या बंदूकवाल्या शिपायाला घेऊन परतलो, तेव्हा एकामागून एक डोळे सुजलेले दिसले. मैनेचा डोळा मात्र स्वच्छ होता. मला इतका आनंद झाला की मी तो बोलून दाखवायला लागलो. काकींनी मला हाताने गप्प केलं आणि तबेल्याच्या मागे नेलं.

गावात काय शिजतंय हे त्यांना ठाऊक होतं. लोकांनी घोडी रातोरात जंगलातल्या टोल्यांवर, लहान वस्त्यांवर, सोयऱ्यांकडे लपवायचं ठरवलं होतं. सुई टोचल्यामुळेच डोळे सुजले, असं काही जण म्हणत होते. मी म्हटलं, शिपाई आहे, जबरदस्ती करू. काकींनी माझ्याकडे पाहिलं. एक शिपाई आणि एवढं मोठं जंगल, हे मलाही कळत होतं.

"आधी माह्यी मैना न्या," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की तिला रोग दिसत नाही, महिन्याने पुन्हा तपासू, तोवर वेगळी बांधून ठेवू. निरोगी जनावर मारायला कायदा मला सांगत नाही.

"माह्यी एकटी वाचली तं बाकीच्या घोड्याईले इथं कोन आनन?" त्यांचा आवाज अगदी साधा होता. "लोकं म्हनतीन, मालगुजारीनची ठेवली, आमचीच मारली. घोडे जंगलात जातीन. तुळशा गेला, तसे तिथं आनखी मरतीन. डोळा साफ होता, थे तुमाले माईत आन् मले. गावाले काऊन सांगता?"

मी होकारार्थी मान हलवली. पुन्हा तशी वेळ आली तरी हलवीन. पण त्यानंतर कितीतरी दिवस मला घोड्याकडे नीट पाहवत नव्हतं.

त्यांनी मैनेला स्वतः आखरावर नेलं. गाव गोळा झालं होतं. खड्ड्याशी पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत तिच्या कपाळावर हात ठेवला आणि बार होईपर्यंत तो काढला नाही. शिपाई बाजूला व्हा म्हणत होता, पण त्या हलल्या नाहीत. मैना कोसळली तसं त्यांचं लुगडं रक्ताने भिजलं. त्या वळल्या आणि समोरच्या माणसाला, बापू, तुझा घोडा आन, एवढंच म्हणाल्या. तो माणूस रडत गेला आणि घोडा घेऊन आला. मग बाकीचे आले. कोणीही जंगलाकडे गेलं नाही. दुपार कलेपर्यंत त्या प्रत्येक घोड्याजवळ उभ्या राहिल्या.

तबेला आम्ही जाळला, डोण फोडली. त्या गावात पुन्हा घोडं आलं नाही, आणि दुसरं माणूसही त्या रोगाने मेलं नाही. मैनेलाच आधी रोग झाला होता, असं लोक धरून चालले. काही जण तर मालगुजारीनच्या घोडीने आमची घोडी नासवली असंही बोलत. काकी ऐकून घेत. मी एकदा तोंड उघडायला गेलो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तिथेच थांबलो. त्यांच्याकडे माझं जाणं चालूच राहिलं, पण नव्या माणसाला चालून दाखवायला लावणं त्यांनी सोडलं होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली माझी बदली झाली. अर्जुनीच्या स्टेशनावर छोटी गाडी यायची होती. काकी रेंगी करून आल्या. एवढ्या वर्षांत त्या मला पोचवायला वेशीपर्यंतही कधी आल्या नव्हत्या. शिदोरी दिली, बायकोची चौकशी केली. गाडीचा धूर दिसायला लागला तेव्हा खाली बघत म्हणाल्या,

"डॉक्टर, मैनाले पुढं आला असता का थो रोग?"

तीही त्याच डोणीत प्यायली होती. आला असता, किंवा नसता आला. मी खरं तेच सांगितलं, की आता कोणालाच सांगता येणार नाही.

"तुमी हो म्हना."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हो, काकी," मी म्हटलं. "आला असता."

त्यांनी मान डोलावली, डोळ्यांना पदर लावला आणि गाडी सुटायच्या आतच पाठ फिरवून रेंगीकडे चालू लागल्या. त्या बाईने माझ्याकडे आयुष्यात एवढं एकच मागितलं. मी दिलं ते खरं होतं की खोटं, हे मला आजही माहीत नाही.