नऊचा हात, दहाचा खटका

"रोडचं रोडला, डोंगराचं डोंगराला! दाजी, तुम्ही काय यांचं लग्न लावायला निघालात?"

"लग्न कसलं? इकडे दहा, तिकडे दहा. मोजता येतं की नाही तुला?"

हे भांडण मशिनवालीने पहिल्यांदा ऐकलं ते भावाच्या सायकल दुकानामागच्या खोलीत, वहिनीबरोबर चादरींच्या घड्या घालताना. आवाज असे चढले होते की वहिनीच्या हातातलं टोक सुटलं. "घराची वाटणी चाललीय का गं?"

"नाही," मशिनवाली म्हणाली. "गिअर बदलतायत."

एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सख्खा भाऊ. अशा वेळी शहाण्या बाईने चादरच धरावी.

नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, म्हणून तो मशिनवाला आणि ती फुकटात मशिनवाली. दुसऱ्यांची यंत्रं तो इतक्या मायेने उघडायचा, की बघणाऱ्याला भरून यावं. स्वतःच्या मोरीतला नळ मात्र वर्षानुवर्षं गळत होता, आणि तो थेंब त्याच्या एरवी तीक्ष्ण कानांना कधी ऐकू आला नाही. बाकी माणूस गुणी. त्याच्याकडे हट्ट भरपूर होता आणि पोट नाजूक. बस सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या डिझेलच्या वासाने, त्याचा चेहरा हिरवा पडायचा. जावयाने एकदा कौतुकाने नव्या मोटारीतून फिरवून आणलं. त्यानंतर जावई फक्त फोन करायचा.

म्हणून लांब जायचं तर सायकलने. आणि लांब म्हणजे तरी कुठे? घाटावरच्या गावात त्याची थोरली बहीण राहायची, तिथे. दर रविवारी.

ही अक्का हाताने रजया शिवायची. डोळे गेल्यातच जमा होते, पण टाका बोटांना कळायचा. सुईचं नेढं तेवढं बोटांना कळेना. मग भावाने वर जायचं, आठवडाभर पुरतील एवढ्या सुयांत दोरे ओवायचे, गाठी मारायच्या आणि सुया उशीत खोचून ठेवायच्या. शेजारणींनी ओवून दिलेलं अक्काला चालत नसे. गाठ म्हणे फक्त भावालाच मारता येते. हट्टाची वाटणी त्या घरात अगदी समसमान झाली होती. मशिनवाली स्वतःच्या सुया स्वतःच ओवायची, हे वेगळं सांगायला नको.

सगळं सुरळीत होतं तोवर गुडघे बोलायला लागले. सायकल वाकड्या हॅन्डलची, मागे पिशव्या लावलेली, लांबच्या वाटेची. पण तिचे गिअर सपाट रस्त्याचे. चढावर पॅडल मारताना मशिनवाल्याचा उजवा गुडघा असा वाजायचा, की गुरं मान वर करून बघायची. त्यावर त्याने तोड काढली. गिअर बदलायचा हॅन्डलवरचा खटका रोड सायकलचाच ठेवायचा आणि मागे डोंगरी सायकलच्या चकत्या बसवायच्या. त्यातली शेवटची ताटलीएवढी. तिच्यावर चेन गेली की कितीही चढ असो, पाय हलके फिरणार. आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा जो लोखंडी हात असतो, तोही डोंगरीच घ्यायचा.

सायकलवाल्या मेहुण्याने साफ नकार दिला. "माझ्या दुकानात असली सरमिसळ होत नाही." जसं काही दुकान नाही, देऊळच.

मग मशिनवाल्याने दुसरीकडून सामान आणून स्वतःच बसवलं. खटका दहा गिअरचा, हातही दहाचा. शिवणयंत्रांवर हात बसलेला माणूस, त्याला सायकल ती काय! अंगणात त्याने गोल चक्कर मारली. खडखडाट झाला. "नवीन आहे, रुळेल," तो म्हणाला. लग्नानंतर सासूबाई सुनेबद्दल हेच म्हणाल्या होत्या.

रविवारी घाट लागला तेव्हा खरं काय ते कळलं. दोघांची मोजणी एक असली तरी पावलं सारखी नव्हती. खटका जेवढी तार ओढायचा, तेवढ्यावर तो डोंगरी हात पुरता सरकायचाच नाही. चेन दोन चकत्यांच्या मध्ये तडफडायची, आणि ज्या ताटलीसाठी एवढं रामायण केलं, तिला तर ती शिवलीच नाही. सगळा घाट त्याने सायकल ढकलत चढला. उतरून घरी आला तेव्हा गुडघ्याचा भोपळा झाला होता.

"कसे आहेत गिअर?" तिने विचारलं.

"छान आहेत. शेक दे जरा."

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही. मग वरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने एक डबा आणून दिला. आत अक्काची सुयांची उशी. चिठ्ठी नाही, निरोप नाही. नुसत्या रिकाम्या सुया. मशिनवाल्याने मुकाट्याने सगळ्या ओवल्या आणि उशी बसने परत पाठवली. पुढच्या फेरीला डबा पुन्हा खाली आला. प्रत्येक सुईतला दोरा उपसून काढलेला. अक्काला सुया नको होत्या, भाऊ हवा होता. पण असलं काही तोंडाने बोलायची त्या घरात पद्धत नव्हती.

तो उशी मांडीवर घेऊन बसून राहिला. जेवायला उठला नाही. मशिनवालीने मग सायकल स्वतः ओढत भावाच्या दुकानात नेली आणि मागून लंगडत येणाऱ्या नवऱ्यालाही आत बसवलं.

"मी म्हटलं नव्हतं?" सायकलवाला खुलला. वर्षाचा सण एकदम हाती लागल्यासारखा. "रोड आणि डोंगर, जन्मात जमायचं नाही!"

"दहाला दहा जमत नाही, हे मी मानणार नाही!"

"मानणार नाही? थांबा. तुमची एकदाची खात्रीच पटवतो." त्याने भंगाराच्या खोक्यात हात घातला आणि एक गंजका, जुना डोंगरी हात वर काढला. "हा बघा. नऊ गिअरचा. डोंगराचा तो डोंगराचा, वर नऊचा. हा लावतो तुमच्या दहाच्या खटक्याला. मग बघा कशी वाट लागते ती! ताई, पॅडल फिरव."

ताईने पॅडल फिरवलं. त्याने खटका दाबला. चेन टप्पकन पुढच्या चकतीवर गेली. पुन्हा दाबला. पुन्हा गेली. सायकलवाला घाईघाईने दाबत सुटला, कुठेतरी अडकेल म्हणून. चेन ताटलीवर चढली आणि आवाजसुद्धा न करता फिरत राहिली.

त्या गंजक्या हाताचं पाऊल नेमकं रोडच्या खटक्याएवढंच निघालं. दोघेही हरले होते, आणि गिअर मात्र लागला होता.

"हे बरोबर नाही," सायकलवाला म्हणाला.

"मुळीच नाही," मशिनवाला म्हणाला. "नऊला दहा कसं चालेल?"

"काढून ठेवू का मग?" मशिनवालीने विचारलं. दोघांनीही एकदम सायकल धरली.

मग पुढची कितीतरी वर्षं तो त्या चुकीच्या गिअरवर घाट चढला. इतका सावकाश, की चरत निघालेल्या म्हशी पुढे जायच्या. पण चढायचा. सायकलवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ही जोडणी माझी," आणि वर, "सरमिसळ मात्र आपण करत नाही."

शेवटच्या फेरीला मशिनवाल्याच्या चेहऱ्यावर काही वेगळंच तेज होतं, असं वहिनी आता, तो गेल्यावर, सांगते. त्याला आधीच चाहूल लागली होती, असं जावई म्हणतो. फोनवरून त्याला ती बरी कळली. मशिनवाली ऐकून घेते. तेज वगैरे काही नव्हतं. एक मोजा सापडेना म्हणून तो कुरकुरत निघाला. वर गेला, सुया ओवल्या, गाठ बारीक का मोठी यावर बहिणीशी वाद घातला, तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि ऊन कलायच्या आत खाली आला. डाग पडतो म्हणून शंभरदा सांगूनही सायकल नव्या रंगाच्या भिंतीलाच टेकवली.

"अक्काचा निळा दोरा संपलाय," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी आठवण कर."

"तुमचं डोकं काय भाड्याने दिलंय? तुम्हीच ठेवा लक्षात."

"बरं," म्हणून तो पाय धुवायला मोरीत गेला.