कैफियतीतली पाचवी पायरी

पुस्तकं बांधणारा बाइंडर भित्रा आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. समोरून कुत्रं आलं की तो रस्ता बदलायचा, पोलीस दिसला की उगाचच स्वतःचे खिसे चाचपायचा. पन्नाशी उलटली तरी लग्न नाही. "मुलगी बघायला जायचं म्हटलं की याला ताप भरायचा," असं त्याचा दादा चारचौघांत सांगायचा. 'ससा' हे नावही दादानेच ठेवलेलं. वहिनीने मात्र ते कधी तोंडात घेतलं नाही. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा सात वर्षांचा होता आणि आई अंथरुणाला खिळलेली होती. अंधाऱ्या मोरीत एकटं जायला घाबरतो म्हणून वहिनी दाराबाहेर उभी राहून मोठमोठ्याने पाढे म्हणायची. तो बाहेर येईपर्यंत थांबायची नाही.

फक्त दुकानात तो वेगळाच माणूस असायचा. हातभर लांबीच्या पात्याखाली कागदाचा गठ्ठा सरकवताना त्याचा हात कधी थरथरला नाही. कुजलेल्या, सुट्या झालेल्या वह्या नि पुस्तकं तो अशी शिवून द्यायचा की उघडताना पाठ कुरकुरायची नाही.

घर तीन मजली होतं. खाली याचं दुकान, मधे दादा-वहिनी, वर हा एकटा. जिना लाकडी आणि सगळ्यांचा मिळून एकच. तीन वर्षांपूर्वी गच्चीच्या किल्लीवरून दोघा भावांचं वाजलं. किल्ली कुणाकडे राहायची, एवढाच प्रश्न होता. बोलण्याने बोलणं वाढलं आणि दादा ओरडला, "यापुढे माझ्याशी बोलायचं नाही आणि जिन्याच्या एका खिळ्यालासुद्धा हात लावायचा नाही!" त्या दिवसापासून दोन्ही मजल्यांमधला शब्द संपला. वहिनीही गप्प झाली. नवऱ्याच्या विरोधात जाणं तिला जमलं नाही.

भित्र्या माणसाला सगळं आधी दिसतं. खालून पाचव्या पायरीची फळी भिंतीच्या बाजूने सुटली आहे, हे बाइंडरला पहिल्यांदा कळलं. मधोमध पाय टाकला तर काही व्हायचं नाही, पण भिंतीकडे टाकला की फळी उलटायची. तो ती पायरी ओलांडून जाऊ लागला. दुकानात हातोडी होती, खिळे होते, पण दादाचा दम कानात होता. एकदा त्याने चिठ्ठी लिहिली, 'पाचवी पायरी सैल आहे.' दादाच्या दारापर्यंत नेली. आतून खोकल्याचा आवाज आला, तसा तो उलट्या पावली खाली आला आणि चिठ्ठी फाडून टाकली. उद्या सांगू, असं म्हणत त्याने दोन महिने काढले.

मग एका सकाळी वहिनी अंगणात वाळत घालायच्या कपड्यांची टोपली घेऊन खाली निघाली. टोपलीमुळे ती भिंतीला धरून चालत होती. बाइंडरने दुकानात आवाज ऐकला आणि बाहेर येण्याआधीच त्याला कळलं, कुठली पायरी.

वहिनीचं खुब्याचं हाड मोडलं. दादाने दावा लावला. त्याचं म्हणणं, धाकट्याने जिन्यात कागदाचे गठ्ठे रचल्यामुळे बायको पडली, सबब त्याचं दुकान तिथून हलवावं. बाइंडरच्या वकिलाने उत्तरादाखल कैफियत तयार केली. तिच्यात एक ओळ होती, 'सदर जिना पूर्णपणे सुस्थितीत होता व त्यात दोष असल्याचे प्रतिवादीस माहीत नव्हते.' बाइंडरने ती ओळ चार वेळा वाचली. वकील घड्याळाकडे बघत होते. त्याने सही केली. खाली छापलं होतं, 'वरील मजकूर खरा असल्याचे शपथेवर सांगतो.'

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. दुकानात पहिल्यांदाच त्याच्या हातून एक पुस्तक उलटं शिवलं गेलं.

पहिल्या तारखेलाच न्यायाधीशांनी कागद चाळले आणि म्हणाले, "सख्खे भाऊ आहात. आधी मध्यस्थीला जा. नाही जमलं तर मी आहेच."

बाइंडरला वाटलं होतं, मध्यस्थी म्हणजे कोर्टापेक्षा सौम्य काहीतरी असेल. खोलीत पाऊल टाकलं आणि तो दारातच थांबला. कोर्टात निदान वकिलाच्या पाठीआड उभं राहता येत होतं. इथे एक गोल टेबल, सहा खुर्च्या आणि पाण्याचा जग. दादा हाताच्या अंतरावर. त्याच्या बाजूला वहिनी, खुर्चीला वॉकर टेकवलेला. किती वाळली होती ती!

मध्यस्थ बाई वयस्कर वकील होत्या, आवाज शांत. त्यांनी नियम सांगितले. दादा बोलला, बराच वेळ बोलला. बाइंडरची पाळी आली तेव्हा त्याने वकिलाकडे बोट दाखवलं. मग बाईंनी दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलायचं ठरवलं. आधी दादा-वहिनींचं झालं, मग याला आणि याच्या वकिलाला बोलावलं.

"इथलं बोलणं न्यायाधीशांकडे जात नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला एकटीला सांगितलेलं मी तुमच्या परवानगीशिवाय त्यांनाही सांगणार नाही. पाणी घ्या आधी."

त्याने पेला उचलून दोन घोट घेतले. त्याने तो खाली ठेवला आणि एका दमात बोलून गेला, "मला माहीत होतं. पायरी सैल होती. दोन महिने माहीत होतं."

वकिलांनी फाइल मिटली. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," म्हणत बाइंडर बाईंकडे वळला.

"मला तुरुंगात टाकतील का?" त्याने बाईंना विचारलं.

बाईंनी खोटा धीर दिला नाही. "शपथेवर खोटं लिहिणं साधी गोष्ट नाही. कैफियत दुरुस्त करायला अर्ज करता येतो, ते तुमचे वकील बघतील. तडजोड झाली तर दावाच मिटेल. पण त्यांना सांगायचं की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. मी नाही, वकील नाहीत."

"न सांगता तडजोड होईल?"

"होऊ शकेल."

इथे सुटायला वाट होती, आणि आयुष्यभर तो अशाच वाटा शोधत आला होता. त्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाला, "बोलवा त्यांना. लवकर बोलवा, नाहीतर मी पळून जाईन."

दादा-वहिनी आत आली. बाइंडरने कुणाकडेही न बघता सांगितलं. फळी, चिठ्ठी, खोकला, सगळं. दादा ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "माणूस आहेस का तू? आईसारखं वाढवलं तिने तुला!" त्याचा हात उचलला गेला होता. बाइंडरने डोळे गच्च मिटले.

"बसा खाली," वहिनी म्हणाली.

दादा बसला नाही, पण हात खाली आला.

"मला तुझी पावलं ऐकू यायची," वहिनी बाइंडरला म्हणाली. "स्वयंपाकघर जिन्यालाच लागून. चार पायऱ्या वाजायच्या, पाचवी वाजायचीच नाही. रोज."

बाइंडरने डोळे उघडले.

"मला वाटलं, याला तिथे कधीतरी पाल दिसली असेल. तू लहानपणापासून तसाच. म्हणून लक्ष दिलं नाही." तिने वॉकरची मूठ घट्ट धरली. "दुसरं कुणी असतं तर मी उठून बघितलं असतं रे, काय आहे तिथे."

बाइंडर हुंदके देऊन रडला. दादाने पाठ फिरवली आणि खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिला.

"याला खिळ्याला हात लावू नको म्हणणारा मीच," तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.

समेट झाला असं म्हणता येणार नाही. आणखी दोन बैठका लागल्या आणि त्यांतही दादा फक्त मध्यस्थ बाईंशीच बोलला. तडजोडनामा दीड पानांचा झाला. जिना दोघांनी मिळून सुताराकडून नवा करून घ्यायचा, दोन्ही बाजूंना कठडा लावायचा. गठ्ठे दुकानाच्या आतच राहतील. दुकान आहे तिथेच राहील. जिन्यात काहीही बिघडलं तर ज्याला दिसेल त्याने त्याच दिवशी दुसऱ्याला सांगायचं, तोंडाने. 'तोंडाने' हा शब्द वहिनीने घालायला लावला. न्यायाधीशांनी तडजोडनामा वाचला, कुणाचा दबाव नाही ना, असं विचारलं आणि दावा निकाली काढला.

वहिनी आता काठी घेऊन चालते. पाय पूर्ववत होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. बाइंडरची भीतीही गेलेली नाही. दादाची चाहूल लागली की अजून त्याचे तळहात ओले होतात.

जिना होऊन महिना झाला असेल. दुपारी तो दुकानात एका वहीची पाठ शिवत होता, दातांत दोरा. वरून आवाज आला, "ससा, नळाला पाणी आलंय का रे खाली?"

तीन वर्षांनी 'ससा' म्हणून आलेली ती हाक ऐकून बाइंडर जागच्या जागी गोठला. त्याने मान जोरजोरात हलवली. मग ध्यानात आलं, वरून मान कशी दिसणार. त्याने दोरा तोंडातून काढला आणि ओरडून सांगितलं, "आलंय, दादा!"